सीप्झच्या गेटातून माल आत पाठवताना

मुंबईत अंधेरी पूर्वेचं सीप्झ, म्हणजे आजचं विशेष आर्थिक क्षेत्र (एसईझेड), १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी सुरू झालं, आणि १९८०च्या दशकात तिथे दागिन्यांचे कारखाने आले. आतल्या सवलतींची चर्चा खूप होते. पण शेजारच्या मरोळच्या गाळ्यांपर्यंत तिथला पैसा येतो तो मुख्यतः दोन वाटांनी: युनिट (आतला कारखाना) बाहेरून माल घेतं, किंवा काम बाहेर करून घेतं. दोन्हीकडे एक गोष्ट विसरायची नाही: मंजूर कामापुरता हा भाग सीमाशुल्क क्षेत्राबाहेरचा मानला जातो. गेट म्हणजे सरहद्दच.

माल विकायचा असेल तर आधी ग्राहकाचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा. नोंदणीचा प्रकार 'एसईझेड युनिट' दिसला पाहिजे. एकाच कंपनीचा बाहेरच्या ऑफिसचा वेगळा क्रमांक असतो आणि चुकून तोच बिलावर पडतो. मग शून्य दर, म्हणजे कर न लावता विकण्याची सोय, विसरा.

दुसरं, आरएफडी-११ या जीएसटी फॉर्ममध्ये कर न भरता माल पाठवण्याचं हमीपत्र, म्हणजे एलयूटी. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे नव्या वर्षाचं पहिलं बिल फाडण्याआधी नवं भरा.

बिलात सगळ्यात जास्त घोळ होतो. तुमचा गाळा सीप्झपासून दोन गल्ल्यांवर असला तरी हा व्यवहार आंतरराज्यच धरतात. राज्यांतर्गत विक्रीचे सीजीएसटी-एसजीएसटी लावू नका. आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य कराखाली शून्य दराने बिल करा आणि 'एसईझेड युनिटला मंजूर कामासाठी, एलयूटीखाली, कर न भरता पुरवठा' या अर्थाची ठरलेली ओळ त्यावर छापा. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात हे बिल ६बी तक्त्यात जातं. साध्या बी-टू-बी (व्यापाऱ्याला विक्रीच्या) तक्त्यात टाकलं की कराचा परतावा अडकतो.

ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागण्याची मर्यादाही आंतरराज्य, म्हणजे ५० हजार रुपये. राज्यांतर्गत १ लाखाच्या हिशोबाने गाडी काढली तर कागद अपुरा पडतो.

माल आत गेल्यावर युनिटकडून बिलावर झोनच्या अधिकाऱ्याचा माल पोचल्याचा शेरा घ्या. त्याला ४५ दिवसांची मुदत आहे. कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा मागताना (आरएफडी-०१, मुदत २ वर्षं) हाच शेरा लागतो. युनिटचा खरेदी विभाग पैसे देऊन मोकळा होतो आणि शेरा कोणाच्याच टेबलावर नसतो, म्हणून पर्चेस ऑर्डरमध्येच त्याची अट घाला.

जॉबवर्क, म्हणजे युनिटच्या मालावर बाहेर करायचं काम, घेत असाल तर युनिटकडची परवानगी आधी पाहा. बाहेर आलेला माल साधारणपणे १२० दिवसांत परत जायला हवा, आणि युनिटने एका वर्षात बाहेरून करून घेतलेल्या उत्पादनाची किंमत त्याच्या आदल्या वर्षीच्या आतल्या उत्पादनापेक्षा जास्त चालत नाही. उरलेला भंगार परस्पर विकू नका. तो शुल्क न भरलेल्या मालाचा असतो. आत परत पाठवा, नाहीतर युनिटला शुल्क भरून तो सोडवायला सांगा.