एडिनबराला येण्याआधी: न्यू जर्सीच्या भाचीसाठी तयारीची यादी

अगं, तुझ्या कॉलेजने दिलेली यादी तुझ्या आईने मला पाठवली. इथे स्कॉटलंडला आल्यावर काय काय विचित्र वाटेल, याचीच त्यात दोन पानं आहेत. त्यातलं निम्मं तुला विचित्र वाटणारच नाही, कारण ते तू दर उन्हाळ्यात पुण्याला आजीकडे बघितलेलं आहेस. गाड्या डावीकडून धावतात. तारखेत आधी दिवस, मग महिना. भिंतीवरच्या प्रत्येक प्लगला वेगळं बटण. चहात दूध. टायलेनॉल मागितलंस तर दुकानदार बघत राहील, पॅरासिटामॉल म्हटलंस की लगेच देईल. आणि तळमजल्याच्या वर जो येतो तो पहिला मजला. हे शेवटचं नीट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता उरलेलं निम्मं. आधी कागदपत्रं. सप्टेंबर ते डिसेंबर एवढंच, म्हणजे सहा महिन्यांच्या आतलं शिक्षण असेल, तर अमेरिकन पासपोर्टवर व्हिजिटर म्हणून येता येतं. मात्र ८ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी निघण्याआधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची पूर्वपरवानगी, काढावी लागते. व्हिजिटरला इथे काम करता येत नाही, कॅफेत कपबश्या विसळायचंसुद्धा नाही. वर्षभर राहायचं ठरलं तर स्टुडंट व्हिसा काढायचा, आणि आरोग्यसेवेचा अधिभार अर्जाबरोबरच भरायचा. तो भरलास की आल्या आल्या जवळच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव, ताप येईपर्यंत थांबू नकोस. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांना २०११ पासून स्कॉटलंडमध्ये पैसे पडत नाहीत. नेहमीची औषधं मूळ डबीत आणि डॉक्टरच्या पत्रासकट आण. तुझ्याबरोबर येणारी मैत्रीण एडीएचडीसाठी (लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासासाठी) ॲडरॉल घेत असेल तर तिला आजच सांग, त्या औषधाला इथे परवानाच नाही. पर्याय तिने तिच्या डॉक्टरशी बोलून निघण्याआधी ठरवायला हवा.

बॅगेत हेअर ड्रायर आणि स्ट्रेटनर नको. तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०. नुसता ॲडॅप्टर लावलास तर धूर निघेल. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात. छत्रीही नको. पुण्यात पाऊस सरळ पडतो, कोकणात तिरका, आणि एडिनबरात तो आडवा येतो. वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्र्या इथल्या कचराकुंड्यांत बघशीलच. टोपीवालं चांगलं रेनजॅकेट घे आणि आत एकावर एक चढवता-उतरवता येतील असे कपडे. समुद्रावरून धुकं येतं त्याला ‘हार’ म्हणतात, आणि सगळा दिवस करडा, ओला, कंटाळवाणा गेला की त्याला ‘ड्रीख’. हा शब्द पहिल्याच आठवड्यात तुझ्या तोंडी बसेल.

पावसापेक्षा अंधार जड जातो. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि पावणेचारच्या आधीच मावळतो. दुपारच्या तासाला बसलीस तर बाहेर पडताना रात्र. पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं की मी आळशी झालेय. नंतर कळलं की सगळ्यांचंच तसं होतं. थंडीच्या महिन्यांत सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घ्यावं असा इथल्या सरकारचाच सल्ला आहे. आपल्या रंगाच्या कातडीला तर ते हवंच. ऑक्टोबरातच बाटली आणून ठेव, आणि दुपारी बारा ते दोनमध्ये एकदा तरी बाहेर पडायचा नेम कर.

मार्कांच्या बाबतीत मन घट्ट करून ये. तिकडे ९३ पडले की ए. इथे एडिनबरा विद्यापीठात ७० पासून ए सुरू होतो, ६० ते ६९ बी, आणि ४० ला पास. पहिल्या निबंधाला ६४ मिळाले म्हणून घरी फोन करून रडायचं नाही, ते चांगले मार्क आहेत. दर आठवड्याला छोट्या चाचण्या घेऊन कोणी तुझ्या मागे लागणार नाही. बहुतेक विषयांत एखाद-दोन निबंध, शेवटी परीक्षा, मधलं वाचन तुझं तू. प्राध्यापकांना नावाने हाक मारतात, जीभ अडखळली तरी मार. त्यांनी शेरा लिहिला ‘नॉट बॅड’, तर पेढे वाट. स्कॉटिश माणूस कौतुक करताना पुणेकरांइतकाच हात राखून असतो. आजी कशी उत्तम झालेल्या श्रीखंडालाही ‘बरं झालंय’ म्हणते, तसंच हे. उलट तूच ‘ऑसम, अमेझिंग’ म्हणत राहिलीस तर समोरच्याला वाटेल की थट्टा चालली आहे.

भाषा इंग्रजीच, पण कान तयार कर. ‘कुठे स्टे करतेस’ असं विचारलं तर घर कुठे ते सांगायचं, हॉटेल नाही. ‘मेसेजेस’ आणायला जातो म्हणजे वाणसामान आणायला. नुसतं ‘हाऊ?’ म्हणजे बरेचदा ‘का?’. ‘हाफ सेव्हन’ ऐकून तुझे अमेरिकन मित्र गोंधळतील. तू सरळ साडेसात समज. ‘यू ऑलराइट?’ हा नमस्कार आहे, तब्येतीची चौकशी नव्हे. इथे तळ्याला जो शब्द आहे, त्याला अमेरिकन मुलं ‘लॉक’ म्हणून मोकळी होतात, पण शेवटचा उच्चार घशातला, आपल्या ‘ख’च्या जवळचा: लॉख. आणि मराठी बोलताना तुझा जो ‘र’ निघतो तोच इथे बिनधास्त वापर.

इथल्या लोकांना इंग्लिश म्हणू नकोस, कधीच. देश वेगळा, कायदा वेगळा, १९९९ पासून संसदही पुन्हा वेगळी. २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतावर स्वतःहून विषय काढायचा नाही, कोणी बोललं तर ऐकायचं. ग्लासगोला गेलीस तर हिरवे-पांढरे किंवा निळे टी-शर्ट जपून घाल. ते तिथल्या सेल्टिक आणि रेंजर्स या दोन कट्टर प्रतिस्पर्धी संघांचे रंग, आणि सेल्टिक-रेंजर्स हा नुसता फुटबॉल नाही. वर्गातली अमेरिकन मुलं ‘मी पण स्कॉटिश, पणजोबा इथले’ म्हणतील तेव्हा इथली मुलं गालात हसतील. तुझा धागा त्यापेक्षा पक्का आहे. तुझे आजोबा मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले, आणि ते ज्याने सुरू केलं तो जॉन विल्सन इथून जवळच्याच लॉडर गावचा.

हे तुझी आई वाचणार, तरी लिहिते: इथे १८ वर्षांपासून दारू चालते. पबमध्ये काउंटरवर जाऊन मागायचं, टिप नाही. एकाने सगळ्यांसाठी आणलं की पुढची फेरी दुसऱ्याची, मग तू लिंबूसरबत पीत असलीस तरी. आपली फेरी चुकवणारा लक्षात राहतो. हॅगिस हा इथला मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा पदार्थ, पण तो शाकाहारीही मिळतो; २५ जानेवारीच्या बर्न्स नाइटला, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या नावाने साजऱ्या होणाऱ्या रात्री, खाऊन बघ. आणि सपाट तळाचे बूट आण, ‘केली’ म्हणजे इथल्या लोकनाचाच्या कार्यक्रमात फुगडीसारखं गरगरवतात.

विमानतळावरून ट्राम थेट गावात येते, मी स्टॉपवर असेन. आमचं घर जुन्या दगडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, तुमच्या अमेरिकन हिशेबाने चौथ्या. लिफ्ट नाही, जिना गोल आणि पायऱ्या झिजलेल्या. बॅग एकच आण.