वादळाआधीची वाडी: पाडेल्याला मेच्या पहिल्या पंधरवड्यातच बोलवा

१ जून २०२० ला अरबी समुद्रात नुसता कमी दाब होता. २ जूनला त्याचं चक्रीवादळ झालं, ‘निसर्ग’ असं नाव पडलं, आणि ३ जूनच्या दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या आज्या-पणज्यांनी लावलेल्या माड-पोफळींच्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या, वाड्या त्या एका दुपारी आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मेच्या मध्यावर, ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातला बराच हापूस झाडावरच होता.

इशारा मिळतो तो दोन-तीन दिवस आधी. तेवढ्या वेळात माणसं, जनावरं, बियाणं वाचवता येतं. माड-पोफळींसाठी मात्र काही करता येत नाही, कारण त्या दोन दिवसांत सगळ्या गावाला एकच पाडेली (माडावर चढून नारळ उतरवणारा) हवा असतो. म्हणून झाडांची कामं आत्ता उरका.

माडावरचे तयार नारळ उतरवून घ्या. सुकलेल्या झावळ्या, वाळक्या पोयी (फुलोऱ्याची आवरणं) खाली काढा. वाऱ्यात हीच उडून कौलं फोडतात. पण ‘माड हलका करायचा’ म्हणून हिरव्या झावळ्या तोडू नका. माडाचं अन्न तिथेच तयार होतं, आणि ताज्या जखमेच्या वासावर खोड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो. खोड पोखरलेला, शेंडा कुजलेला माड घरावर किंवा गोठ्यावर झुकलेला असेल, तर तो मात्र जीव घट्ट करून आत्ताच उतरवा. एक मोठा माड पडताना आठ-दहा पोफळी सोबत घेऊन जातो.

पोफळीला कोळे रोगासाठी (यात कोवळी फळं सडून गळतात) एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी पावसाच्या तोंडावर करायची असतेच. ती लांबवू नका, वादळासोबत दोन दिवस मुसळधार पडला तर फवारणीला उघडीप मिळत नाही. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यातच विरघळवा. तयार मिश्रणात लोखंडी सुरी क्षणभर बुडवून पाहा; तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवा. आंब्या-काजूच्या नव्या कलमांना काठीचा आधार द्या, सुतळी सैल आठाच्या आकड्यासारखी बांधा.

आंब्याचं काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. तयार झालेला तेवढा काढा. घाबरून कोवळा काढलात तर तो नीट पिकत नाही आणि पेटीतल्या चांगल्या फळांचंही नाव घालवतो. पडलेला आंबा झाडावरून काढलेल्यात मिसळू नका, तो आतून मार खाल्लेला असतो. कच्च्या पडीची आंबोशी करा.

मे महिन्यातलं आणखी एक काम कागदाचं आहे, आणि ते मला फवारणीइतकंच महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे सातबारा सामाईक, नावं दहा-बारा, त्यातली निम्मी मुंबईत. वादळानंतर सरकारी मदत आली की हिस्सेदारांच्या संमतीपत्रावरून अडते. चाकरमानी आत्ता घरी आलेत, सह्या आत्ता घ्या. वाडीतली झाडं मोजून लिहून ठेवा: माड किती, पोफळी किती, जायफळं किती, फळती किती. मदतीचं गणित बहुतेकदा हेक्टरी असतं आणि आपली वाडी असते काही गुंठ्यांची. दाटीनं लावलेल्या वाडीचं नुकसान हेक्टरात मापणं मला कधीच पटलेलं नाही. झाडांची मोजणी आणि दोन-चार फोटो हाताशी असले तर पंचनाम्याच्या वेळी बोलायला आधार राहतो.

हवामान खात्याचा इशारा रंगानं ओळखा. पिवळा आला की पंपाची मोटर, सुकी सुपारी, भाताचं बियाणं उंचावर, झाकणाच्या पिंपात. छप्पर गेलं तरी पिंप राहतं. मोटर काढण्याआधी विहिरीचं पाणी टाक्यांत भरून घ्या. ‘निसर्ग’नंतर काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती, पंप असून नसल्यासारखा. नारिंगी आला की वाडीतली कामं थांबवा. गुरांची दावी सोडा. पत्र्याच्या गोठ्यात बांधलेलं जनावर पत्रा कोसळला तर पळूही शकत नाही.

वारा एकदम पडला, आभाळ उजळलं, म्हणून वाडीत धावू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळानं वारा उलट दिशेनं, तितक्याच जोरानं येतो, आणि एका बाजूनं हललेली झाडं तेव्हा पडतात.

वादळ सरल्यावर आधी तुटलेल्या तारा पाहा, मग फोटो, मग कोयता. शेंडा मोडलेली पोफळ किंवा माड गेला असं समजा, त्याला दुसरा कोंब नाही. पण नुसता वाकलेला, मधला कोवळा कोंब शाबूत असलेला माड तोडायची घाई करू नका. दोन-तीन महिने वाट पाहा. आंबा, काजू, कोकम, जायफळ यांची गोष्ट वेगळी. मुळं एका बाजूनं जमिनीत असतील तर फांद्या छाटून, उघडी मुळं ओल्या गोणपाटानं झाकून, चार-सहा दिवसांत झाड उभं करून टेकू द्या. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, पाणी फक्त १० लिटर. पडलेले माड वाडीत कुजू देऊ नका, त्यांत गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि उरलेल्या माडांवर चढतो.

वाचलेल्या पोफळींचे खरे हाल पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात होतात. सावलीत वाढलेलं खोड उघड्यावर पडलं की पश्चिमेकडून करपतं. त्या बाजूला विऱ्या (पोफळीच्या पानांचे रुंद देठ) किंवा झावळ्या बांधा, मोकळ्या जागेत केळी लावा. वर्षभरात सावली धरते.

आणि वाडीच्या कोपऱ्यात २५-३० रोपं कायम असू द्या. वादळ झालं की सगळा किनारा एकदम रोपं शोधायला निघतो, आणि पोफळीला फळ धरायला पाच ते सात वर्षं लागतात. भरदार फळणाऱ्या जुन्या झाडाची पूर्ण पिकलेली, जड फळं निवडा, देठाकडची बाजू वर ठेवून सावलीत पुरा आणि ओल टिकवा. दीड महिन्याच्या आसपास कोंब वर येईल.