पानझडी बोन्सायची कुंडी शरदातही बदलता येते
वसंतात सगळ्याच झाडांचे डोळे (फुटायच्या बेतातले कोंब) एकदम फुगतात आणि कुंड्या बदलताना तारांबळ उडते. मेपल, एल्मसारखी दणकट झाडं मी शरदातच उरकतो: पानं रंगून गळायला लागली, पण माती अजून गार पडलेली नाही, तेव्हा.

१. मुळं सोडवा. पाव भागापेक्षा जास्त कापू नका.
२. तळाच्या भोकांतून तार ओवून झाड बांधा. खोड हलवलं की कुंडीही हलली पाहिजे, इतकं घट्ट.
३. कोरडी माती बांबूच्या काडीने मुळांच्या फटींत सरकवत राहा. कंटाळवाणं काम आहे, पण पोकळी राहिली की तिथली मुळं सुकतात.
४. भरपूर पाणी.

ताजी कापलेली मुळं गोठली तर दगावतात. हिवाळाभर आडोसा देता येणार नसेल, तर वसंतापर्यंत थांबा.