कोकणात वारा-पाऊस कसा ओळखायचा: आधी ऊन बघा, मग डोंगर
अ‍ॅप अंदाज देतं पण कोकणपट्टी रुंदीला जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री, त्यामुळे किनाऱ्यावर ऊन आणि घाटाखाली धो धो पाऊस हे एकाच तालुक्यात एकाच वेळी होतं. म्हणून थोडं स्वतः बघायला शिका, आगोटीच्या दिवसात तर फारच कामाला येतं.

वाऱ्यापासून सुरू करा. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी सातला उघड्या अंगणात अगरबत्ती लावा, धूर हळूहळू समुद्राकडे जाताना दिसेल. हा मतलई वारा, कारण रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर गार होते. मग ऊन चढतं, जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि ती जागा भरायला समुद्रावरची गार हवा आत येते, हे खारे वारे. साधारण अकरा-बाराच्या सुमारास धूर फिरतो. तो कधी फिरला ते रोज लिहून ठेवा, कारण खरी माहिती तिथेच आहे: दुपारचा एक वाजला तरी धूर समुद्राकडेच जात असेल तर पूर्वेचा कोरडा वारा जोरात आहे आणि खाऱ्या वाऱ्याला आत येऊ देत नाहीये, म्हणजे त्या दिवशी पारा चढणार. आंबेवाल्यांनी बागेला पाणी द्यायचं असेल तर हे बघूनच ठरवावं असं माझं मत आहे.

मे महिन्यात दुपारनंतर उगवतीकडे बघायचं. तापलेल्या डोंगरउतारावरून हवा वर चढत असते, त्यात खारे वारे बाष्प आणून ओततात, आणि घाटमाथ्यावर पांढरे ढग उभे वाढायला लागतात. ढग नुसते पसरट असतील तर काळजी नको. पण उंच वाढून माथा चपटा पसरायला लागला, बुड काळं पडलं आणि उगवतीकडून एकदम गार झुळूक आली की वळीव आलाच समजा, अंगणातली आमसुलं, साठं, सुकट लगेच आत घ्या, आणि गडगडाट ऐकू आला की माणसांनीही आत यायचं, झाडाखाली अजिबात थांबायचं नाही.

जूनमध्ये मोसमी वारे आले की दिवस-रात्रीचा हा खेळ जवळजवळ संपतो, वारा सतत पश्चिम-नैर्ऋत्येकडून. आता काम डोंगराचं. ही दमट हवा सह्याद्रीला अडते आणि वर चढते, चढताना दर हजार मीटरला सुमारे 10 अंश गार होते, ढग धरले की थोडी सावकाश, आणि गार हवेत बाष्प मावत नाही म्हणून ते पाऊस होऊन पडतं. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस, आंबोलीला सात हजाराच्या आसपास, आणि घाट उतरून पलीकडे गेलेली हवा परत खाली येताना गरम होते, ढग विरतात, म्हणून पुण्याला सातशे-आठशेच. हीच पर्जन्यछाया.

तेव्हा नदीकाठी राहत असाल तर स्वतःच्या गावातल्या पावसावर विसंबू नका, वरच्या घाटातला आकडा बघा. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिमी पाऊस झाला, सावित्री तिथेच उगम पावते आणि खाली महाडला येते, महाड बुडालं. हवामान खातं 204.4 मिमीच्या वर गेलं की अत्यंत मुसळधार म्हणतं, यावरून अंदाज करा. सोबत भरतीची वेळ बघा, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडी भरलेली असते आणि पुराच्या पाण्याला बाहेर पडायला वाटच मिळत नाही.

घरचा पाऊस मोजायला सरळ उभ्या बाजूंची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा. बूड खडबडीत असतं म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत आधी पाणी भरा, तिथे शून्याची खूण करून वर पट्टी चिकटवा. झाडापासून, पागोळीपासून लांब ठेवा. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला वाचा म्हणजे तुमचा आकडा त्यांच्याशी ताडून बघता येतो, आणि वाचून झालं की पाणी परत शून्याच्या खुणेवर आणून ठेवा.