कॅराव्हॅन नेताय? आधी ड्रायव्हरच्या खोलीचं बघा

मी एकतीस वर्षं बस चालवली. खानापूर, बेळगाव, हुबळी हा रोजचा रस्ता, अधूनमधून पुणे नाहीतर बेंगळूर. निवृत्त झाल्यावर सगळे विचारायचे, आता काय करणार? आमच्या आक्काला मरायच्या आधी कन्याकुमारी बघायची होती. मरायच्या आधी असं ती गेली वीस वर्षं प्रत्येक गोष्टीला म्हणते, ते सोडा. पण तिचे गुडघे गेलेत, आगगाडीचा डबा चढवत नाही, लॉजचा जिना त्याहून नाही. म्हणून मुलानं कॅराव्हॅन भाड्यानं ठरवली. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बिछाने, छोटं स्वयंपाकघर, संडास. आम्ही सहाजण, तेरा दिवस, जाऊन येऊन अडीच हजार किलोमीटरच्या आसपास.

आल्यापासून गल्लीतली तिघं विचारून गेली, "कसं केलासा ओ मामा?" म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

भाड्याची गाडी बहुतेक ड्रायव्हरसकटच येते. आमच्याबरोबर हुबळीकडचा एक पोरगा आला, मी त्याला तम्मा म्हणायचो, कन्नडमध्ये धाकटा भाऊ. लोक इथंच पहिली चूक करतात. घरच्यांचे सहा बिछाने मोजतात आणि ड्रायव्हर झोपेल की कुठंतरी पुढच्या सीटवर, असं धरून चालतात. सीटवर पाय दुमडून, डासांत झोपलेला माणूस सकाळी अकराला डुलक्या घेतो. मी स्वतः घेतल्यात, म्हणून सांगतो. मोटार कामगारांचा 1961 चा कायदा 2025 पर्यंत होता, त्यातच लिहिलेलं, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. ते महामंडळासाठी असेल, आपल्या गाडीला कोण विचारतो, असं म्हणू नका. घाटात ब्रेकवर त्याचाच पाय असतो.

आम्ही तोड काढली ती अशी. रोज रात्री मोठं आवार असलेला साधा लॉज शोधायचा, गाडी आवारात लावायची आणि एकच खोली घ्यायची, तळमजल्याची. ती ड्रायव्हरची. पण त्या एका खोलीत आमचीही चार कामं व्हायची. संध्याकाळी सगळ्यांच्या आंघोळी, गाडीला लाइटची जोडणी, संडासाची टाकी रिकामी करणं आणि पाणी भरणं. आठ वाजता तम्माच्या हातात किल्ली. त्यानंतर दार वाजवायचं नाही, कुणी चार्जर विसरलं तरी नाही.

लाइटचं कारण समजून घ्या. आमच्या गाडीत दीडशे अँपिअर-अवरची 12 व्होल्टची बॅटरी होती. हिशेबानं 1,800 वॅट-अवर, म्हणजे दोन युनिटसुद्धा नाही, आणि साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. उरलं एक युनिट. त्यात दिवे, पंखे, मोबाइल आरामात. एसी लावलात तर तासाभरात खेळ खलास, इंडक्शनची शेगडी तर नावच काढू नका. आवारात मोठ्या प्लगची, 15 अँपिअरची, जोडणी मिळाली तरच एसी. मालकाला आधी विचारा, पैसे ठरवा, आपली जाड वायर बरोबर ठेवा. मिक्सरची वायर जोडून एसी चालवायचा शहाणपणा आमच्या चिरंजीवांनी करून बघितला. वास आला म्हणून वाचलो.

पाणी. टाकी शंभर लिटरची. ऐकायला पुष्कळ वाटतं. सहा माणसांनी गाडीत आंघोळ केली तर एका सकाळीत संपते. आमची पहिल्या रात्रीच संपली, कारण नातीनं फवारा चालू ठेवून गाणं म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून गाडीतलं पाणी फक्त हात, भांडी आणि संडासाला. पिण्याचे वीस लिटरचे दोन कॅन वेगळे. आणि उगाच काठोकाठ भरू नका. एक लिटर म्हणजे एक किलो, तेवढं वजन घाट चढताना इंजिनावर आणि उतरताना ब्रेकवर येतं.

संडासाबद्दल कुणी मोकळं बोलत नाही, म्हणून मी बोलतो. गाडीखाली सरकणारी पेटी असते, वीसेक लिटरची. आम्ही नियम केला, रात्री सगळ्यांनी, दिवसा फक्त आक्कानं. बाकीच्यांनी पेट्रोल पंपावर उतरायचं. पंपावर संडास, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा फुकट असते, मागायला लाजायचं नाही. पेटी रोज रिकामी करायची, तीही संडासातच, शेताच्या बांधावर नाही. काम घरातल्या पुरुषांचं. तम्माला सांगू नका, तो गाडी चालवायला आलाय.

निघायच्या पंधरा दिवस आधी एक रात्र जवळपास काढून या. आम्ही सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन घेऊन नवीलतीर्थ धरणाकडं मुक्काम केला. तिथं कळलं की कपाटाला कडी नाही, वळणावर डबे खाली येतात. रबरी पट्ट्या आणून बांधल्या. हे मदुराईत कळलं असतं तर हातवारे करून पट्ट्या मागत फिरावं लागलं असतं.

महिना जानेवारीचा धरला. तामिळनाडूत पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्या घाटांत जून ते सप्टेंबर, मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात कोण झोपणार? पण जानेवारीत आपल्या भागात ऊस तोडणी चालू असते. अंधारात पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, मागचा दिवा असला तर नशीब. म्हणून पहाटे चारला निघायची आपली जुनी खोड सोडा. आम्ही उजाडल्यावर निघायचो आणि साडेतीनला मुक्कामाच्या गावात असायचो. दिवसाला अडीचशे किलोमीटर, फार तर. पहिला मुक्काम दावणगेरे, लोणी डोसा खाऊन. दुसरा तुमकूरच्या अलीकडं. बेंगळुरात शिरायचं नाही, तुमकूर रस्त्यावरून नाइस रोड धरून थेट होसूर रस्त्याला लागायचं. पुढं 44 नंबरचा महामार्ग सेलम, मदुराई करत कन्याकुमारीपर्यंत सोडत नाही.

त्या रस्त्यावर धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूरचा उतार आहे. दिसायला रुंद, गुळगुळीत, आणि म्हणूनच वाईट. अपघातांसाठी त्याचं नाव आहे. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे लोक मी आयुष्यभर बघितलेत. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, ब्रेक दाबून धरायचा नाही, मध्येमध्ये दाबून सोडायचा. तम्माला हे येत होतं. तरी माझा उजवा पाय रिकाम्या जागेवर ब्रेक दाबत होता, बायको मागून हसत होती.

म्हैसूरवरून उटीकडं जायचा बेत असेल तर बंदीपूरचा जंगलरस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, आणि निलगिरीत शिरायला 2024 पासून ई-पास लागतो. आम्ही तो फाटा घेतला नाही, आक्काला वळणं सोसत नाहीत.

कागदांत एकच बघा, गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का. नसेल तर प्रत्येक राज्याच्या हद्दीवर कर भरत बसाल. महामार्गावर अडलात तर 1033, जिवावर बेतलं तर 112. आणि गाडीची उंची, छतावरच्या एसीसकट, टेपनं मोजून कागदावर लिहून काचेपाशी चिकटवा. आम्ही मोजली होती, चिकटवलीही होती, पण कागदाला झाडाची फांदी कळत नाही. मदुराईत एका बोळात छताच्या झरोक्याचं झाकण गेलं. चूक माझी, "जाते की रे" मीच म्हटलं होतं.

खाण्याचं सोपं आहे. गाडीत तीन वेळचा स्वयंपाक करायच्या फंदात पडू नका, बायका घरातून निघून पुन्हा चुलीपुढंच बसतात. सूनबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं, मी सकाळचा चहा आणि रात्रीचा भात करणार, बाकी तुमचं तुम्ही. बरोबरच होतं. आम्ही पन्नासेक कडक भाकरी, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी आणि गोकाकचा करदंट, म्हणजे गूळ-सुक्यामेव्याची मिठाई, नेला. कडक भाकरी पंधरा दिवस बिघडत नाही, फक्त दमट हवेत डबा घट्ट हवा, केरळात आमच्या मऊ पडल्या. कुंदा, आपली दुधाची मिठाई, नेऊ नका. नेलाच तर पहिल्या दोन दिवसांत संपवा. गॅसचा पाच किलोचा सिलिंडर पुरतो. गाडी हलायच्या आधी रेग्युलेटर बंद, आणि हे काम एकाच माणसाकडं द्या. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

भाषेची काळजी सोडा. आपण सीमेवरची माणसं, दोन भाषांत भांडतो, दोन्हींत जेवतो. "जागा ऐतेनरी?", म्हणजे जागा आहे का, एवढ्यावर लॉजवाला ओळखतो की ही बेळगाव-धारवाडकडची मंडळी. होसूरच्या पुढं मात्र पाण्याला तण्णी म्हणायचं, केरळात वेळ्ळम.

कन्याकुमारीत दोन रात्री ठेवा. एक दिवस गाडी हलवायचीच नाही, तम्मालाही सुट्टी. आक्का विवेकानंद शिलेच्या बोटीत चढली नाही, रांग बघूनच नको म्हणाली. काठावर खुर्ची टाकून दिली, तिथं ती तीन तास बसली. परत येताना किनाऱ्याचा 66 नंबर धरला, केरळात जागोजागी रुंदीकरण चाललेलं, तिथं दिवसाला दोनशेसुद्धा झाले नाहीत. ते दोन दिवस जास्तीचे धरूनच निघा. अंकोल्याहून आरबैल घाट चढून यल्लापूर, हुबळी, घर.

गाडी घेताना मोबाइलवर आतबाहेर फिरवून व्हिडिओ काढा, परत देताना पुन्हा. आमच्या अनामतीतून झाकणाचे पैसे गेले, आधीचा एक ओरखडा मात्र व्हिडिओमुळं आमच्या माथी बसला नाही. निघताना तम्माला वर पैसे दिले आणि उरलेल्या कडक भाकरी बांधून दिल्या. त्यानं पुडकं उघडून बघितलं आणि विचारलं, शेंगाचटणी संपली काय?