अमेरिकन फुटबॉल: एका हंगामाचे निकाल कसे नोंदवावेत

पानावर साल घालताना कॅलेंडर बघू नका, हंगाम सुरू झाला ते साल धरा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कॉलेज फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मिशिगनने वॉशिंग्टनला 34-13 हरवलं 8 जानेवारी 2024 ला. सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, चीफ्सनी फोर्टीनायनर्सना ओव्हरटाइममध्ये 25-22 हरवलं 11 फेब्रुवारीला. दोन्ही निकाल 2023 च्याच पानावर जातात. तारीखही अमेरिकेतलीच लिहा. सुपर बोलच्या वेळी भारतात 12 उजाडली होती.

कॉलेजची वही वेगळी ठेवलेली बरी. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाचे सामने 17, आठवडे 18. रिकाम्या आठवड्यात 'सुट्टी' लिहा, नाहीतर पुढचे सगळे निकाल एकेक घर सरकतात. बरोबरी म्हणजे अर्धा विजय: 10-6-1 (विजय-पराभव-बरोबरी) असेल तर विजयाचं प्रमाण 10.5 भागिले 17, म्हणजे .618.