समुद्रावरचे बटण शंख : कधी जायचं, रिकामा कसा ओळखायचा, घरी आणून काय करायचं

पुळणीवर चालताना नखाएवढे चपटे, चकचकीत शंख दिसतात ना, राखाडी, गुलाबी, चॉकलेटी, कुणावर नागमोडी रेघा, रंगावरून वाटतं दहा जाती असतील पण बहुतेक सगळी एकच, अंबोनियम वेस्टिएरियम, लिनियसने १७५८ मध्येच नोंदवलेली. आपण बटण शंख म्हणू.

आधी वेळ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे कोकणात कुणालाही विचारा, म्हणजे तृतीयेला भरती सव्वादोनला, त्यात सव्वासहा तास मिळवा, सकाळी साडेआठच्या आसपास ओहोटी. उधाणाच्या दिवसांत पाणी लांब जातं, तेव्हाच जा.

जिवंत बटणं बघायची असतील तर ओल्या घट्ट वाळूत बोटाच्या पेराएवढं उकरा आणि चहाच्या गाळणीत घेऊन पाण्यात हलवा, वाळू जाते, बटणं राहतात. हा प्राणी वाळूत दडून पाण्यातले बारीक कण गाळून खातो, म्हणून वरवर शोधलंत तर बहुतेक रिकामेच मिळतील, आणि आपल्याला तेच हवेत.

आता मेन गोष्ट, शंख उलटा करून तोंड बघा. आत तपकिरी, पातळ, गोल झाकण दिसलं की तो जिवंत आहे, ओल्या वाळूवर ठेवून द्या, स्वतःच आत शिरतो. झाकण नाही म्हणून लगेच खिशात टाकू नका, बशीत समुद्राचं पाणी घेऊन त्यात दोन मिनिटं ठेवा, कारण इवलासा संन्यासी खेकडा भाड्याने राहत असतो. मी एकदा न बघता डबा भरून आणला, तिसऱ्या दिवशी घरात असा वास सुटला की आईने डबा थेट अंगणात नेऊन ठेवला!

घरी गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, सावलीत वाळवा, हवं तर खोबरेल तेलाचं एक बोट फिरवा. व्हिनेगर अजिबात नको, शंख म्हणजे चुनाच, तो विरघळतो आणि चमक जाते.

काहींना एकदम गोल भोक असतं, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं, जणू ड्रिल मारलंय. ते नॅटिका नावाच्या शिकारी शंखाचं काम, तो भोक पाडून आतला प्राणी खातो. हे वेगळे काढून ठेवा, सुईदोरा त्याच भोकातून ओवता येतो, माळेला वेगळं भोक पाडावं लागत नाही.